मुदतीचा ताप: गोळीकडून सलाईनकडे

कोल्हापुरात जुनी माणसं टायफॉईडला अजून ‘मुदतीचा ताप’च म्हणतात. औषध नव्हतं तेव्हा हा ताप तीन-चार आठवडे घ्यायचाच. तिसऱ्या आठवड्यात आतड्याला भोक पडायची धास्ती. तेवढं पार पडलं की पोर हाती लागलं.

१९४८ साली मलायात क्लोरॅम्फेनिकॉल हे अँटिबायोटिक देऊन पाहिलं आणि ताप तीन-चार दिवसांत उतरू लागला. पुढची दोन दशकं त्याचाच अंमल होता. १९७२ मध्ये मेक्सिकोत आणि आपल्या केरळात त्याला दाद न देणारा जंतू पसरला. १९९०च्या सुमारास अँपिसिलिन आणि कोट्रायमोक्साझोल ही औषधंही त्याच्यापुढे हरली. मग सिप्रोफ्लॉक्सॅसिनची स्वस्त गोळी आली, सर्दी-जुलाबालाही वाटली गेली आणि दहा-पंधरा वर्षांत बोथट झाली.

इथे एक गंमत आहे. जुन्या तीन औषधांविरुद्धची जनुकं बहुधा प्लाझ्मिड नावाच्या सुट्या कड्यावर असायची. औषधाचा वापर घटला तसं जंतूने ते ओझं टाकलं. आज कल्चरच्या (रक्तातला जंतू वाढवून त्यावर औषधं तपासण्याच्या) रिपोर्टात क्लोरॅम्फेनिकॉल पुन्हा चालताना दिसतं. सिप्रोविरुद्धचा बदल मात्र जंतूच्या मूळ गुणसूत्रातच आहे. तो असा सहज जात नाही.

राहिलं सेफ्ट्रियाक्सोन, आणि ते सुईनेच द्यावं लागतं. तोंडाने घ्यायचं अ‍ॅझिथ्रोमायसिन आहे. पण उलट्या करणारं, पोट फुगलेलं मूल शेवटी अ‍ॅडमिटच होतं. औषध बरोबर असलं तरी ताप उतरायला पाच-सात दिवस जातात. तिसऱ्या दिवशीच ‘डॉक्टर, औषध बदला की’ म्हणणाऱ्या पालकांना हे कुणी आधी सांगत नाही. सिंधमधल्या हैदराबादेत २०१६ पासून सेफ्ट्रियाक्सोनही न जुमानणारा टायफॉईड पसरला.

आपण मात्र १८९६च्या विडाल टेस्टवर, म्हणजे रक्तातली प्रतिपिंडं पाहणाऱ्या तपासणीवर अडून बसलोय. ती चुकते, आणि कोणतं औषध लागू पडेल हे तर सांगतच नाही. ते ब्लड कल्चर सांगतं, तेही अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसाआधी रक्त घेतलं तर जास्त खात्रीने.

हा जंतू राहतो फक्त माणसात, पसरतो मैलापाण्यातून. शहराचं सांडपाणी पंचगंगेत आणि पिण्याचं पाणीही वर्षानुवर्षं तिथूनच. म्हणून तर काळम्मावाडी धरणाच्या थेट पाईपलाईनसाठी एवढी आंदोलनं झाली. ते पाणी २०२३ मध्ये शहरात पोचलं. नदीकाठच्या खालच्या गावांना पंचगंगाच आहे.