ब्रिटनमधील वृत्तपत्र-टपाल : पात्रता, नोंदणी आणि पाठवणीचे नियम

ब्रिटनमध्ये १ ऑक्टोबर १८७० पासून नोंदणीकृत वृत्तपत्राचा एक अंक अर्ध्या पेनीत देशात कोठेही टपालाने पाठवता येऊ लागला. साध्या पत्राला त्या वेळी किमान एक पेनी पडत असे. ही सवलत प्रत्येक छापील कागदाला द्यायची नसल्यामुळे वृत्तपत्र कशाला म्हणावे, हे त्याच वर्षीच्या टपाल कायद्यात बारकाईने ठरवून द्यावे लागले.

प्रकाशन ब्रिटनमध्येच छापलेले व प्रसिद्ध झालेले असावे, त्यातील बहुतांश मजकूर राजकीय वा इतर बातम्यांचा किंवा चालू विषयांवरील लेखांचा असावा आणि दोन अंकांमध्ये सात दिवसांहून अधिक अंतर नसावे, अशा अटी होत्या. जाहिरातींना हरकत नव्हती. पहिल्या पानाच्या माथ्यावर पूर्ण नाव व तारीख, आणि पुढील प्रत्येक पानाच्या माथ्यावर नाव किंवा त्याचा काही भाग व तारीख छापणे सक्तीचे होते. पुरवणीवरही मूळ वृत्तपत्राचे नाव व तारीख लागे, अन्यथा कोणाचेही जाहिरातपत्रक ‘पुरवणी’ म्हणून आत सरकवता आले असते. सात दिवसांच्या अटीमुळे मासिके सवलतीबाहेर राहिली. भारतातील १८९८ च्या टपाल कायद्याने मात्र ही मर्यादा एकतीस दिवसांची ठेवली, म्हणून मराठी मासिकांनाही वृत्तपत्राचा दर मिळू शकला.

नोंदणी मालकाने किंवा मुद्रकाने लंडनच्या जनरल पोस्ट ऑफिसात, विहित नमुन्यात तपशील भरून, दरवर्षी करायची असे. शुल्क पाच शिलिंगांपेक्षा अधिक घेता येत नसे. एखादे प्रकाशन वृत्तपत्र आहे की नाही, याबाबत पोस्टमास्टर जनरलचा निर्णय अंतिम असला, तरी संबंधित व्यक्तीच्या अर्जावरून तो फिरवण्याचा अधिकार अर्थखात्याला होता.

त्याआधीची पद्धत निराळी होती. १७१२ पासून वृत्तपत्रांवर मुद्रांक कर होता. तो १८१५ मध्ये चार पेन्सपर्यंत चढला आणि १८३६ मध्ये एक पेनीवर आला. कागदावर उमटवलेला कराचा शिक्का हाच टपालखर्च भरल्याचा पुरावा मानला जाई, त्यामुळे एकदा वाचून झालेला अंक पुन्हा टपालात टाकता येत असे. पत्राचा दर जबर होता तेव्हा लोकांनी यातून वाट काढली : जुन्या अंकातील अक्षरांना टाचणीने टोचून किंवा त्यांखाली ठिपके देऊन निरोप जुळवायचा आणि अंक फुकट रवाना करायचा. १८५५ मध्ये सक्तीचा कर रद्द झाला, तरी टपालाने पाठवायच्या प्रतींसाठी ऐच्छिक शिक्का १८७० पर्यंत चालू राहिला.

नव्या व्यवस्थेत अंक वेष्टनाशिवाय किंवा दोन्ही टोके उघडी असलेल्या कागदी पट्टीत गुंडाळून द्यावा लागे, म्हणजे कारकुनाला तो बाहेर सरकवून तपासता येई. छापील तिकिटासह अर्ध्या पेनीच्या अशा पट्ट्या टपालखात्याने त्याच दिवशी विक्रीस काढल्या. आत चिठ्ठी सापडल्यास सवलत जाऊन पत्राचा दर वसूल होई.

१६ सप्टेंबर १९६८ रोजी पहिल्या व दुसऱ्या वर्गाचे टपाल सुरू झाले, तेव्हाही नोंदणीचा उपयोग संपला नाही; नोंदणीकृत वृत्तपत्र दुसऱ्या वर्गाच्या दरात पहिल्या वर्गाच्या वेगाने पोहोचवले जाई.