लवकर निजे, लवकर उठे, आणि एक अमिनो आम्ल

एकादशीच्या उपवासाला नोबेल मिळाल्याचा निरोप जसा दरवर्षी फिरतो, तसाच अधूनमधून दुसराही एक फिरतो: २०१७चं नोबेल आपल्या ब्राह्ममुहूर्ताला! सोबत कोणत्या वेळी कोणता अवयव काम करतो याचा तक्ता असतो. रात्री अकरा ते एक पित्ताशय, एक ते तीन यकृत, तीन ते पाच फुप्फुसं. हा तक्ता मुळात चिनी परंपरेतला, हे पाठवणाऱ्याच्या गावीही नसतं. नोबेल मिळालं ते जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांना, फळमाशीतल्या दैनंदिन घड्याळाची यंत्रणा उलगडल्याबद्दल. फळमाशी म्हणजे पिकलेल्या केळ्यांभोवती घिरट्या घालणारं चिलट. आणि या चिलटाची हकिगत नीट वाचली, तर पहाटे उठण्याची फुशारकी मारणाऱ्यांची जरा पंचाईतच होते.

१९७१ साली रोनाल्ड कोनोप्का आणि सेमूर बेंझर यांना तीन तऱ्हेच्या विचित्र माश्या सापडल्या. अंधारात कोंडून ठेवलं तरी साध्या माशीचा दिवस साधारण २४ तासांचाच राहतो. या माश्यांपैकी एका प्रकाराचा दिवस १९ तासांचा होता, दुसऱ्याचा २८ तासांचा, आणि तिसऱ्याला दिवसरात्रीचा पत्ताच नव्हता. तिन्ही बिघाड एकाच जनुकात निघाले. त्याचं नाव पडलं 'पिरियड'. १९८४मध्ये हे जनुक हाती लागलं आणि पुढे कळलं, की त्यापासून बनणारं 'पर' नावाचं प्रथिन रात्री साठतं आणि दिवसा घटतं.

पण पेशीत ना काटे, ना चावी. मग २४ तास मोजतं कोण?

पर पेशीकेंद्रकात शिरून स्वतःच्याच जनुकाचं काम बंद पाडतं. एवढंच असतं तर घड्याळ झालंच नसतं. प्रथिन बनताक्षणी जनुक बंद, प्रथिन जरा घटलं की चालू, अशाने सगळं एका मधल्या पातळीवर येऊन थांबलं असतं. थांबत नाही, कारण मध्ये उशीर आहे. सोलरच्या नळाखाली उभं राहून पाहा. गरम पाणी यायला वेळ लागतो म्हणून आपण नळ जास्त सोडतो, मग चटका बसतो, मग थंड जास्त सोडतो, मग कुडकुडतो. नळ फिरवणं आणि पाणी येणं यांत जितका उशीर, तितके हे हेलकावे लांबतात.

पेशीतला हा उशीर घडतो कसा, हा मला सगळ्यात आवडणारा भाग. पर तयार होऊ लागतं, तसं 'डबलटाइम' नावाचं विकर त्याच्यावर फॉस्फेट चिकटवतं, आणि असे खुणावलेले रेणू पेशी मोडून टाकते. त्यामुळे साठा होतच नाही. हळूहळू 'टिम' हे दुसरं प्रथिन वाढतं आणि परला बिलगून त्याला वाचवतं. जोडी केंद्रकात जाते आणि ज्या 'क्लॉक' व 'सायकल' प्रथिनांनी या दोघांची जनुकं चालू केलेली असतात, त्यांनाच अडवते. नवं उत्पादन थांबतं, जुना साठा झिजतो, अडसर सुटतो आणि फेरी पुन्हा सुरू होते. माणसात टिमचं काम 'क्राय' प्रथिनं करतात आणि सायकलच्या जागी 'बीमाल-१' असतं. फॉस्फेट चिकटवणारं विकर मात्र त्याच घराण्यातलं.

म्हणून यात कुठेही फरक पडला की दिवस सरकतो. २००१मध्ये अमेरिकेतल्या एका कुटुंबाचा उलगडा झाला. ही माणसं संध्याकाळी साडेसातच्या सुमारास पेंगायची आणि पहाटे साडेचारला टक्क जागी व्हायची. त्यांच्या पर-२ प्रथिनात (हा परचाच माणसातला एक भाऊबंद) ६६२व्या जागी सेरीन या अमिनो आम्लाऐवजी ग्लायसीन हे दुसरं होतं, बस. उलट टोकाच्या, उत्तररात्रीपर्यंत झोप न येणाऱ्या काही लोकांत क्राय-१चा बदल यंग यांच्याच प्रयोगशाळेला २०१७मध्ये सापडला. पहिल्यांना सद्गुणी आणि दुसऱ्यांना आळशी म्हणायचं ते कशाच्या जोरावर?

वयानेही घड्याळ सरकतं, आणि सर्वात उशिराकडे ते किशोरवयात असतं. महाराष्ट्र सरकारने २०२४मध्ये शाळा सकाळी नऊनंतर भरवायचं ठरवलं ते चौथीपर्यंतच्या मुलांसाठी. निर्णय चांगलाच आहे, पण सातच्या शाळेचा खरा जाच नववी-दहावीच्या मुलांना होतो.

बाहेरचा काहीच सुगावा लागू दिला नाही, तर माणसाचं घड्याळ सरासरी २४ तास ११ मिनिटांत फेरी पूर्ण करतं. रोज जमणारा हा उशीर भरून काढतो तो मुख्यतः सकाळचा उजेड. दृष्टिपटलातल्या काही खास पेशी निळसर उजेड टिपतात आणि मेंदूतल्या सुमारे २०,००० चेतापेशींच्या गाठीला कळवतात. रात्रीचा उजेड घड्याळ उलट आणखी उशिराकडे ढकलतो. यकृताचं घड्याळ मात्र जेवणाच्या वेळेवर चालतं. तिसऱ्या पाळीला रात्री दोन वाजता डबा उघडणाऱ्या कामगाराचं यकृत एक वेळ सांगतं आणि मेंदू दुसरी. घड्याळ बिघडवणाऱ्या रात्रपाळीला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००७मध्येच 'बहुधा कर्ककारक' ठरवलं.

पाळ्या तर बंद होणार नाहीत. पण घड्याळ पुढे ओढण्यापेक्षा लांबवणं शरीराला सोपं जातं. म्हणून सकाळ, मग दुपार, मग रात्र हा क्रम उलट्या क्रमापेक्षा बरा. युटा राज्यातल्या एका खनिज कारखान्यात दर आठवड्याला उलट फिरणाऱ्या पाळ्या अशा सुलट केल्या आणि तीन आठवड्यांनी बदलू लागल्या, तेव्हा कामगारांच्या तक्रारी घटल्या आणि उत्पादनही वाढलं. हे १९८२ साली छापून आलेलं आहे.