अँड्रॉइड सोर्स कोड : बिल्ड एररची दुरुस्ती

अँड्रॉइडचा खुला सोर्स कोड उतरवून त्यातून फोनमध्ये चढवण्याजोगी इमेज (प्रणालीची तयार फाइल) बनवताना बिल्ड, म्हणजे ती घडवण्याची प्रक्रिया, मध्येच अडते. अडण्याचे कारण शोधून बिल्ड पुढे नेण्याचे हे काम. बडोद्यात सयाजीराव विद्यापीठाच्या तंत्रज्ञान शाखेतले किंवा दांडिया बाजारात घरी बसून जुन्या फोनला नवी आवृत्ती देऊ पाहणारे मराठी विद्यार्थी याच वाटेने बिल्ड शिकतात.

नवखा माणूस लॉगची (बिल्ड चालताना उमटणाऱ्या नोंदींची) शेवटची ओळ वाचतो आणि तिथेच फसतो. बिल्डची कामे प्रत्यक्ष चालवणारे साधन निन्जा एका वेळी अनेक कामे चालवते. एक काम फसले तरी आधीच सुरू झालेली कामे आपापल्या नोंदी लॉगमध्ये टाकत राहतात, आणि खरी एरर वर सरकते. म्हणून वर जाऊन ‘फेल्ड’ असे लिहिलेली पहिली ओळ गाठावी, किंवा ‘आउट’ या, बिल्डचे सारे उत्पादन साठणाऱ्या फोल्डरमधली एरर-लॉगची फाइल उघडावी. शेवटच्या ‘बिल्ड स्टॉप्ड’वरून काहीच कळत नाही.

मग बिल्ड कोणत्या टप्प्यावर पडली ते पाहावे. अँड्रॉइड ७ पासून मेक या जुन्या बिल्ड साधनाची जागा हळूहळू सूंग या नव्या साधनाने घेतली. काय कसे बांधायचे ते सांगणाऱ्या ब्लूप्रिंट फाइली सूंग वाचतो, तर मेकच्या उरलेल्या तशाच फाइली (मेकफाइली) काती हे साधन वाचते. कंपायलर (कोडचे यंत्रभाषेत रूपांतर करणारा) चालू होण्याआधीच ‘अनडिफाइन्ड मॉड्यूल’, म्हणजे मागितलेला भाग सापडत नाही, असे आले, तर कोडमध्ये खोट शोधत बसू नये. बहुधा एखादी रेपॉझिटरी (कोडचा साठा) उतरलेली नसते, किंवा डिव्हाइस (त्या फोनची मांडणी), कर्नल (प्रणालीचा गाभा) आणि व्हेंडर (उत्पादकाच्या फाइली) यांच्या शाखा एका आवृत्तीच्या नसतात. गहाळ अवलंबित्वे (कोडला लागणारे पण न सापडलेले भाग) चालवून घेण्याचा स्विच आहे, पण त्याने दुखणे फक्त पुढे ढकलले जाते.

गूगल ६४ जीबी रॅम आणि ४०० जीबी मोकळी जागा सुचवते. १६ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर प्रक्रिया अनेकदा नुसते ‘किल्ड’ म्हणून मरते, कारण लिनक्सनेच मेमरीसाठी तिचा बळी दिलेला असतो. स्वॅप (रॅम अपुरी पडल्यावर वापरायची डिस्कवरची जागा) वाढवावा, समांतर कामांची संख्या घटवावी. मे महिन्यातल्या बडोद्यात लॅपटॉप तापून मंदावतो खरा, पण म्हणून प्रत्येक ‘किल्ड’चा दोष उन्हाळ्यावर ढकलू नये.

‘क्लॉबर’ ही आज्ञा सारे ‘आउट’ पुसते. तो शेवटचा उपाय. यूजर (ग्राहकांसाठीचा) आणि यूजरडीबग (चाचणीसाठीचा) या बिल्ड प्रकारांत अदलाबदल केली असेल तर ‘इन्स्टॉलक्लीन’ ही कमी पुसणारी आज्ञा पुरते.