पर अंगालाच का हवेत? शार्क-संरक्षणाच्या नियमांची पार्श्वभूमी

शार्कचे पर सुकवून विकले की जो भाव मिळतो, त्याच्या जवळपासही धडाच्या मांसाचा भाव जात नाही. शिवाय मांसात युरिया असतो. मासा वेळेवर साफ करून बर्फात घातला नाही, तर अमोनियाचा उग्र वास सुटतो. महिनोन्‌महिने समुद्रात राहणाऱ्या टूना-जहाजांनी म्हणून शीतखण टूनासाठी राखला, शार्कचे पर कापून घेतले आणि धड, कित्येकदा जिवंतच, पाण्यात ढकलले. यालाच फिनिंग म्हणतात.

सुरुवातीचे कायदे तराजूवर उभे होते. अमेरिकेने 2000 मध्ये आणि युरोपीय संघाने 2003 मध्ये परांचे वजन 5 टक्क्यांच्या आत असावे असे ठरवले. आकडा एकच, पण कशाच्या 5 टक्के? अमेरिकेत डोके-आतडी काढलेल्या धडाच्या, युरोपात अख्ख्या माशाच्या. साफ करताना माशाचे निम्म्याच्या आसपास वजन जाते, म्हणजे युरोपची मर्यादा जवळजवळ दुप्पट सैल. त्यातही पर ओला की सुका, मांस सोडून वळणदार कापला की मांसासकट सरळ, यावर वजन बदलते, जातीगणिकही बदलते. युरोपात तर विशेष परवान्यावर पर एका बंदरात आणि धडे दुसऱ्या बंदरात उतरवता येत. समोर नुसता परांचा ढीग असताना कोणता पर कोणत्या धडाचा, हे तपासनीस सांगणार कसे?

2002 मध्ये ‘किंग डायमंड 2’ या जहाजावर सुमारे 29 टन पर सापडले. धड एकही नव्हते. हे पर इतर नौकांकडून समुद्रातच गोळा केलेले होते. असे जहाज कायद्याच्या व्याख्येत ‘मासेमारी नौका’ ठरत नाही, असा निकाल 2008 मध्ये अमेरिकी अपील न्यायालयाने दिला. ही पळवाट बुजवत अमेरिकेने 2010 च्या कायद्यात, आणि युरोपने 2013 मध्ये, पर अंगाला असतानाच मासा बंदरात उतरवण्याची सक्ती केली. गोठलेले ताठ पर खणात जागा अडवतात ही तक्रार खरी होती. उपायही साधा निघाला: पर मुळाशी अर्धवट कापून अंगावर दुमडायचा, मग गोठवायचा.

या नियमाने फेकाफेक थांबते, पण किती शार्क मारायचे हे तो सांगतच नाही, आणि आमच्या मते मूळ दुखणे तेच आहे. डस्की शार्कची मादी साधारण विसाव्या वर्षी वयात येते. अशा जातीची भर मासेमारीच्या वेगाने निघत नाही. खुल्या समुद्रातील शार्क आणि रे माशांची संख्या 1970 पासून सुमारे 71 टक्क्यांनी घटली, असे 2021 चा जागतिक आढावा सांगतो.

संख्येचा प्रश्न साइट्स कराराने, म्हणजे धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराने, व्यापाराच्या बाजूने हाताळला. त्याच्या परिशिष्ट 2 मध्ये, म्हणजे व्यापार बंद नसलेल्या पण नियंत्रित जातींच्या यादीत असलेल्या जातीची निर्यात करायची तर ती कायदेशीर पकडीतली आहे आणि तिने त्या जातीला धोका नाही, हे देशाला आधी ठरवावे लागते. 2013 मध्ये हॅमरहेडच्या 3 जाती आणि ओशनिक व्हाइटटिप यादीत आले. पण सोललेला सुका पर पाहून जात ओळखणे अवघड, म्हणून 2022 मध्ये रिक्विएम शार्कचे अख्खे कुळच घेतले गेले.

तरी गळाला लागून मेलेला शार्क कोणत्याही परवान्याने वाचत नाही. आता झगडा गळाजवळच्या तारेवर आला आहे: नायलॉनचा धागा शार्क चावून तोडतो आणि सुटतो, पोलादी तार त्याला तोडता येत नाही.