छातीवरचा बॅज आणि हिरोशिमाची मुलं

वाशीतल्या एका रुग्णालयात मी एक्स-रे विभागात काम करते. कामावर असताना छातीवर एक छोटा बॅज लावावा लागतो. दर तीन महिन्यांनी तो तपासणीला जातो आणि माझ्या अंगावर किती किरणोत्सर्ग पडला, त्याचा आकडा येतो. पाच वर्षांची सरासरी काढली, तर वर्षाला २० मिलिसिव्हर्टच्या (किरणोत्सर्गाचं माप) वर जायचं नाही, ही मर्यादा. शिकताना ती पाठ केली होती. ती ठरली कशी, हे कळायला मात्र बरीच वर्षं गेली. तिच्यामागे सगळ्यात मोठा आधार आहे तो हिरोशिमा आणि नागासाकीतल्या माणसांचा, आणि त्यांतली कितीतरी तेव्हा लहान मुलं होती.

६ ऑगस्ट १९४५ ला सोमवार होता. सकाळी सव्वाआठला हिरोशिमावर सुमारे ६०० मीटर उंचीवर अणुबॉम्ब फुटला. हवाई हल्ल्यात आग पसरू नये म्हणून शहरातली घरं पाडून मोकळे पट्टे करायचं काम चालू होतं आणि त्यासाठी बारा-तेरा वर्षांच्या शाळकरी मुलांना जुंपलेलं होतं. अशी सुमारे ६,००० मुलं गेली. त्यांच्याहून लहान भावंडांपैकी अनेकांना आधीच खेड्यांत पाठवलेलं होतं. ती वाचली, पण परतली तेव्हा त्यांतल्या कितीतरी जणांच्या घरी कुणी नव्हतं. वर्षअखेरपर्यंत हिरोशिमात सुमारे १,४०,००० आणि ९ ऑगस्टच्या बॉम्बनंतर नागासाकीत ७०,००० हून जास्त माणसं मेली.

अंगावर जखम नसलेल्या मुलांचेही पुढच्या काही आठवड्यांत केस गळले, हिरड्यांतून रक्त आलं, अंगावर जांभळे डाग उठले. त्यातून जी तगली त्यांच्या घरच्यांना वाटलं, सुटलो. मग दोन-तीन वर्षांनी रक्ताच्या कर्करोगाचे रुग्ण वाढू लागले आणि त्याचा जोर मुलांवर जास्त होता. सादाको सासाकी बॉम्ब पडला तेव्हा दोन वर्षांची होती. पुढे ती शाळेत धावण्यात पटाईत झाली. १९५५ च्या ऑक्टोबरमध्ये, बाराव्या वर्षी, ती याच आजाराने गेली. नेरूळला माझ्या मुलीच्या शाळेत दर ऑगस्टमध्ये तिच्या आठवणीत कागदी बगळे करतात. गोष्ट तिथे संपते. जी मुलं मेली नाहीत, मोठी झाली, त्यांचं पुढे काय झालं ते कुणी सांगत नाही, आणि मला तोच भाग जास्त महत्त्वाचा वाटतो.

१९४७ मध्ये अमेरिकेने बॉम्बचे परिणाम अभ्यासायला एक आयोग नेमला. मुलांना गाडीतून नेत, कपडे उतरवून तपासत, रक्त घेत, फोटो काढत. उपचार मात्र करत नसत. हा सल अनेकांच्या मनात म्हातारपणापर्यंत राहिला. १९५० पासून सुमारे १,२०,००० माणसांची आयुष्यभर नोंद ठेवायचं काम सुरू झालं, आणि किती किरणोत्सर्गाने किती धोका वाढतो हे जगाला मुख्यतः त्यातून समजलं. माझी मर्यादा त्यावर उभी आहे.

जपानवरचा अमेरिकेचा ताबा १९५२ मध्ये संपेपर्यंत या सगळ्याबद्दल उघड बोलणं अवघडच होतं. नंतरही बरेच जण गप्प राहिले, कारण लग्नं. हिरोशिमाचं स्थळ म्हटलं की समोरचे मागे सरत. बॉम्बमधून वाचलेल्यांच्या मुलाबाळांत आनुवंशिक दोष वाढल्याचा पुरावा आजवरच्या अभ्यासात सापडलेला नाही, पण बघायला आलेल्या माणसांना ते कोण सांगणार? आपल्याकडे घरात कोड किंवा फेफरं असेल, तर लपवतात. तसंच हेही लपवलं गेलं.

१९५४ मध्ये पॅसिफिक महासागरातल्या बिकिनी बेटांवरच्या अमेरिकेच्या हायड्रोजन बॉम्ब चाचणीने जपानी कोळी भाजून निघाले आणि देश खवळला. मग १० ऑगस्ट १९५६ ला अणुबॉम्बमधून वाचलेल्यांनी नागासाकीत स्वतःची संघटना उभी केली, निहोन हिदान्क्यो. त्याच्या सहाच दिवस आधी, वाशीच्या खाडीपलीकडे ट्रॉम्बेला, आपली 'अप्सरा' अणुभट्टी सुरू झाली होती. लोकल मानखुर्दकडे जाताना डावीकडे ट्रॉम्बेचा डोंगर दिसतो तेव्हा मला या दोन तारखा एकदमच आठवतात. १९५७ मध्ये जपानने कायदा केला आणि वाचलेल्यांना ओळखपुस्तिका व मोफत तपासणी मिळू लागली. बारा वर्षांनी.

२०२४ चा शांततेचा नोबेल याच संघटनेला मिळाला. ऑस्लोत भाषण केलं ते तेरुमी तानाका यांनी. नागासाकीवर बॉम्ब पडला तेव्हा ते तेरा वर्षांचे होते, नात्यातली पाच माणसं त्यात गेली. भाषणाच्या वेळी वय ९२. मार्च २०२५ मध्ये ओळखपुस्तिका असलेल्यांची संख्या पहिल्यांदाच एक लाखाखाली आली आणि सरासरी वय ८६ च्या पुढे गेलं. म्हणजे आज हयात असलेले जवळजवळ सगळेच तेव्हा मुलं होते.

त्यांतही काहींना पुस्तिकाच नाकारली होती. स्फोटानंतर हिरोशिमाच्या आसपास काळा, किरणोत्सारी पाऊस पडला. पण सरकारने नकाशावर आखलेल्या हद्दीबाहेर जी मुलं त्या पावसात भिजली, ती मोजलीच गेली नाहीत. त्यांतले ८४ जण कोर्टात गेले. १४ जुलै २०२१ ला हिरोशिमाच्या उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला आणि सरकारने पुढे अपील केलं नाही. काही जण निकाल ऐकायच्या आधीच गेले होते.