सायन्स आणि आर्ट्स वेगळे कधी झाले?

२०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात कला आणि विज्ञान यांच्यातली काटेकोर विभागणी मोडायची, असं म्हटलं आहे. मुंबईतल्या अनेक मराठी घरांना हे नवलाचं वाटतं. चांगले टक्के मिळवून आर्ट्सला जाणाऱ्या मुलीला आजही नातेवाईक कारण विचारतात. पण या शहरात आधुनिक विद्या रुजली तेव्हा ही फाळणी नव्हती.

१८३२मध्ये ‘दर्पण’ काढणारे बाळशास्त्री जांभेकर एल्फिन्स्टनमध्ये गणित आणि खगोलशास्त्र शिकवत, जुने ताम्रपट वाचत. १८४५मध्ये ज्ञानेश्वरीची पहिली छापील प्रतही त्यांनीच काढली. त्यांना कुणी ‘तुम्ही कुठल्या शाखेचे?’ असं विचारलं नसणार.

१८५७मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झालं. विज्ञानाची वेगळी पदवी त्यानंतर आली, १९२०मध्ये रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स उभी राहिली. इमारती वेगळ्या झाल्या तशी माणसंही. १९७५च्या सुमारास दहा-दोन-तीनचा (दहावी, बारावी, मग तीन वर्षांची पदवी) आकृतिबंध आला आणि शाखेची निवड दहावीनंतर लगेच करावी लागू लागली. इंजिनीअरिंग-मेडिकलच्या ओढीने त्या निवडीला उच्च-नीचपणा चिकटला. खरं नुकसान इथे झालं, असं मला वाटतं.

१९५९मध्ये केंब्रिजच्या व्याख्यानात ब्रिटिश शास्त्रज्ञ-कादंबरीकार सी. पी. स्नो यांनी वैज्ञानिक आणि साहित्यिक एकमेकांशी बोलतच नाहीत, अशी खंत मांडली. त्याच काळात मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत दामोदर धर्मानंद कोसंबी काम करत होते. हुद्द्याने गणिती, पुण्याहून डेक्कन क्वीनने येत. नाणं हातोहात फिरताना झिजतं, वजनाने घटतं. हे ओळखून त्यांनी प्राचीन आहत (ठसे ठोकून पाडलेली) नाणी तोलली आणि संख्याशास्त्राच्या आधारे त्यांचा कालक्रम लावला. १९४८मध्ये त्यांनी संस्कृत कवी भर्तृहरीच्या शतककाव्यांची चिकित्सक (हस्तलिखितं ताडून पाहिलेली) आवृत्ती सिद्ध केली. १९५६मध्ये त्यांचा भारतीय इतिहासावरचा ग्रंथ मुंबईतूनच निघाला. गणित सोडून ते इतिहासाकडे वळले, असं म्हणणं चूक ठरेल. नाण्यांच्या अभ्यासात गणित हाच त्यांचा इतिहास वाचण्याचा मार्ग होता. १९६२मध्ये संस्थेने त्यांचा करार पुढे वाढवला नाही.

१९६६मध्ये मुंबईत मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली. तिच्या १९७४च्या विज्ञानकथा स्पर्धेत खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकरांनी टोपणनावाने कथा पाठवली आणि बक्षीस मिळवलं. २०२१च्या नाशिकच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष तेच होते.