गोलबॉल: युद्धानंतर जन्मलेला खेळ आणि आपला सातारा-सांगलीचा पट्टा

ऑगस्ट १९७२ मध्ये पश्चिम जर्मनीतल्या हायडेलबर्ग शहरात पॅरालिम्पिक स्पर्धा भरल्या. त्यातली एक गोष्ट आपल्याकडे, उशिरा का होईना, सगळ्यांना ठाऊक झाली. वाळवा तालुक्यातल्या पेठचे मुरलीकांत पेटकर यांनी ५० मीटर फ्रीस्टाइल जलतरणात ३७.३३ सेकंदांची वेळ देऊन सुवर्णपदक जिंकले. ऑलिम्पिक काय किंवा पॅरालिम्पिक काय, भारताचे ते पहिले वैयक्तिक सुवर्ण. (स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांचे, हेलसिंकी १९५२. कराडजवळचे गोळेश्वर आणि पेठ यांच्यात गाडीने तासाभराचेही अंतर नाही. हे आपण पुरेसे मिरवत नाही.) दुसरी गोष्ट मात्र आपल्यापर्यंत पोहोचलीच नाही. त्याच हायडेलबर्गमध्ये गोलबॉल हा अंधांचा सांघिक खेळ प्रात्यक्षिक म्हणून पॅरालिम्पिकमध्ये पहिल्यांदा खेळला गेला.

दोन्ही गोष्टींचे मूळ युद्धात आहे. पेटकर सैन्याच्या ईएमई दलातले, म्हणजे यंत्रसामग्री सांभाळणाऱ्या अभियांत्रिकी दलातले जवान, मुळात बॉक्सर. १९६५ च्या भारत-पाक युद्धात गोळ्या लागून ते जायबंदी झाले आणि पुढे उपचारांचा भाग म्हणून पाण्यात उतरले. गोलबॉलही असाच उपचारांतून आला, फक्त युद्ध वेगळे होते.

दुसरे महायुद्ध संपले तेव्हा युरोपातल्या रुग्णालयांत दृष्टी गमावलेले तरुण सैनिक मोठ्या संख्येने होते. काल-परवापर्यंत धावणारी, उड्या मारणारी ही माणसे आता खाटेवर बसून होती. १९४६ मध्ये ऑस्ट्रियाचे हान्स लोरेन्झेन आणि जर्मनीचे सेप राइंडल यांनी त्यांच्यासाठी एक खेळ बेतला. अंधांसाठी खेळ म्हटले की डोळसांचा एखादा खेळ घ्यायचा आणि त्यात सोयीपुरते बदल करायचे, ही नेहमीची वाट. अंधांच्या क्रिकेटचा जन्म तसाच झाला: १९२२ मध्ये मेलबर्नमधल्या दोन अंध कामगारांनी डब्यात खडे भरून त्याचा चेंडू केला. लोरेन्झेन-राइंडल यांनी ही वाट सोडली. त्यांनी कानाने खेळता येईल असा खेळ पहिल्यापासून नवा रचला. म्हणून गोलबॉलला डोळसांच्या जगात जोड नाही.

यात एक गोष्ट सहज निसटते. हा खेळ रचता आला, कारण ती माणसे एका ठिकाणी होती. युद्धाने त्यांची दृष्टी नेली आणि पुनर्वसन केंद्रांनी त्यांना एका छताखाली आणले. गोलबॉलचा पुढचा सगळा इतिहास, आणि आपल्याकडे तो का रुजला नाही याचे उत्तरही, माझ्या मते इथेच आहे.

असे छत भारतातही होते. १९४३ मध्ये देहरादूनला युद्धात अंध झालेल्या भारतीय सैनिकांसाठी सेंट डन्स्टन्स वसतिगृह सुरू झाले. ते उभारणारे न्यूझीलंडचे सर क्लुथा मॅकेन्झी पहिल्या महायुद्धात गॅलिपोलीच्या लढाईत स्वतःच अंध झाले होते. स्वातंत्र्यानंतर १९५० मध्ये भारत सरकारने तिथे प्रौढ अंधांसाठी प्रशिक्षण केंद्र काढले आणि त्यातूनच पुढे दृष्टिबाधितांसाठीची राष्ट्रीय संस्था आकाराला आली. तिथला भर ब्रेलवर आणि हाताला काम देण्यावर होता. त्या काळात ते चूकही म्हणता येणार नाही. पोटापाण्याचे बघायचे की चेंडूचे? आपल्या भागाला हा इतिहास परका वाटू नये. पहिल्या महायुद्धात ज्या गावाचे ४६ जवान कामी आले, ते अपशिंगे मिलिटरी साताऱ्यातच आहे, आणि या दोन्ही जिल्ह्यांत लष्करातला माणूस नाही असे गाव शोधावेच लागेल.

आता खेळ. गोलबॉलचे मैदान १८ मीटर लांब आणि ९ मीटर रुंद, म्हणजे तंतोतंत व्हॉलीबॉलच्या मैदानाएवढे. दोन्ही टोकांना गोल, आणि तो मैदानाच्या पूर्ण रुंदीचा: ९ मीटर लांब, १.३ मीटर उंच. प्रत्येक संघाचे तीन खेळाडू मैदानात, तीन राखीव. मध्ये सेंटर, दोन बाजूंना विंगर. सगळ्यांच्या डोळ्यांवर काळी, अपारदर्शक पट्टी. अंशतः दिसणाऱ्यालाही ती बांधावीच लागते, त्यामुळे पूर्ण अंध आणि थोडेफार दिसणारा यांच्यात फरक उरत नाही. मैदानात पंचांच्या परवानगीशिवाय पट्टीला हात लावला, तर पेनल्टी.

चेंडू बास्केटबॉलएवढाच, पण वजनाला जवळपास दुप्पट: सव्वा किलो. रबरी, आठ भोकांचा, आत घुंगरे. तो जमिनीवरून आला की घुंगरांचा आवाज त्या भोकांतून बाहेर पडतो आणि बचाव करणारे त्या आवाजाच्या दिशेने आडवे झेपावतात. हात डोक्याच्या पुढे ताणलेले, पाय लांब, छाती चेंडूकडे. सव्वा किलोचा चेंडू ताशी साठेक किलोमीटरच्या वेगाने येतो आणि तो अंगावर घ्यायचा असतो. पाहणाऱ्याला हा खेळ केविलवाणा वाटेल, अशी शंका ज्यांना असेल त्यांनी पहिली पाच मिनिटे पाहावीत.

आपण मैदानात कुठे आहोत हे खेळाडूला कसे कळते, हा पहिला प्रश्न. मैदानावरच्या रेषा चिकटपट्टीच्या असतात आणि त्या पट्टीखालून दोरा घातलेला असतो. पायाने, बोटांनी तो उंचवटा चाचपला की रेषा सापडते. मागचा गोलपोस्ट हाताला लागला की दिशा पक्की होते. बाकी सगळे कानावर: जोडीदाराची हाक, जमिनीवर मारलेली थाप, समोरच्याच्या पावलांचा आवाज.

डावपेच इथूनच सुरू होतात. चेंडू डाव्या बाजूच्या खेळाडूने उचलल्याचे समोरच्यांनी ऐकले, की तो आवाज न करता उजवीकडच्याच्या हातात द्यायचा. किंवा एकाने पाय आपटत धावायचे आणि फेक दुसऱ्याने करायची. कोणी गिरकी घेऊन वेग वाढवतो, तर ब्राझीलच्या खेळाडूंनी समोरच्याकडे पाठ करून दोन पायांमधून चेंडू फेकण्याची तऱ्हा गाजवली. सरपटत येणाऱ्या चेंडूपेक्षा टप्पे घेत येणारा जास्त अवघड, कारण आडव्या पडलेल्या माणसाच्या अंगावरून तो उडी मारून जातो. मात्र फेकीला बंधन आहे: हातातून सुटलेला चेंडू आधी आपल्या बाजूच्या सहा मीटरांत आणि मग मधल्या सहा मीटरांत जमिनीला टेकलाच पाहिजे. नाहीतर पेनल्टी, म्हणजे पूर्ण नऊ मीटरांचा गोल एकट्या खेळाडूने राखायचा. चेंडू ताब्यात आल्यापासून दहा सेकंदांत तो मध्यरेषेपार गेला पाहिजे. बारा-बारा मिनिटांचे दोन डाव, आणि दहा गोलांचा फरक पडला की सामना तिथेच थांबतो.

खेळ सुरू करण्यापूर्वी पंच प्रेक्षकांना शांत राहायला सांगतात. चेंडू जिवंत असेपर्यंत टाळी नाही, शिट्टी नाही, मोबाइल नाही. गोल झाला की मग हवा तेवढा आरडाओरडा करा. राखीव बाकावरच्या प्रशिक्षकालाही खेळ चालू असताना सूचना देता येत नाहीत. आणि फेकणाऱ्या संघाने फेकताना मुद्दाम आवाज करून समोरच्यांचा कान चुकवला, तर तीही पेनल्टी. कुस्तीच्या फडात हलगीशिवाय ज्यांचे रक्त तापत नाही त्या आपल्या प्रेक्षकांना हे जमायला वेळ लागेल.

खेळ जन्मला १९४६ मध्ये आणि पॅरालिम्पिकमध्ये आला १९७२ मध्ये, याला कारण आहे. पॅरालिम्पिकची सुरुवात पाठीच्या कण्याला इजा झालेल्या सैनिकांपासून झाली. २९ जुलै १९४८ ला, लंडन ऑलिम्पिकच्या उद्घाटनाच्याच दिवशी, डॉ. लुडविग गुटमन यांनी स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात चाकाच्या खुर्चीवरच्या सोळा जणांची तिरंदाजी स्पर्धा घेतली. १९६० च्या रोमपासून तिचे मोठे रूप झाले, पण अंध खेळाडूंना त्यात पदकासाठी उतरता येत नव्हते. दरवाजा उघडला १९७६ मध्ये, टोरांटोत. तिथे पुरुषांच्या गोलबॉलला पदके मिळाली आणि सुवर्ण गेले ऑस्ट्रियाला, म्हणजे लोरेन्झेन यांच्याच देशाला. पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धाही ऑस्ट्रियातच, १९७८ मध्ये फ्योक्लामार्क्ट गावी झाली. १९८१ मध्ये पॅरिसला आंतरराष्ट्रीय अंध क्रीडा महासंघ, म्हणजे ‘इब्सा’ची स्थापना झाली आणि गोलबॉलचा कारभार तिच्याकडे आला. १९८४ पासून महिलांचा गोलबॉल पॅरालिम्पिकमध्ये आहे.

त्यानंतर हा खेळ मध्य युरोपाच्या हातातून निसटत गेला. २००८ मध्ये बीजिंगला पुरुषांचे सुवर्ण चीनने घेतले, २०१२ मध्ये लंडनला महिलांचे जपानने. २०१६ च्या रिओत पुरुषांच्या अंतिम सामन्यात छोट्याशा लिथुआनियाने अमेरिकेला १४-८ असे हरवले. ब्राझीलच्या पुरुषांनी २०१४, २०१८ आणि २०२२ अशा ओळीने तीन जागतिक स्पर्धा जिंकल्या आणि मधे टोकियोचे सुवर्णही खिशात घातले. महिलांत तुर्कस्तानने रिओ, टोकियो आणि पॅरिस अशी सलग तीन सुवर्णे नेली. २०२४ च्या पॅरिसमध्ये पुरुषांचा अंतिम सामना नियमित वेळेत बरोबरीत राहिला आणि जादा वेळेतल्या गोलवर जपानने युक्रेनला ४-३ असे हरवले. युद्ध चालू असलेल्या देशाचा संघ, युद्धातून जन्मलेल्या खेळाच्या अंतिम सामन्यात. वार्तांकनात यावर फार कोणी बोलले नाही.

भारताचा संघ पॅरालिम्पिकच्या गोलबॉलमध्ये आजवर उतरलेला नाही. अंध खेळाडू आपल्याकडे नाहीत असे नाही. अंधांचा पहिला क्रिकेट विश्वचषक १९९८ मध्ये दिल्लीतच झाला. टी-ट्वेन्टी विश्वचषक भारताने २०१२, २०१७ आणि २०२२ मध्ये जिंकला, आणि २०२५ मध्ये अंध महिलांचा पहिला विश्वचषकही आपल्याच मुलींनी आणला. क्रिकेटला गावातले उघडे मैदान चालते, आणि खेळ काय आहे हे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. गोलबॉलला गुळगुळीत फरशीचे किंवा लाकडी जमिनीचे बंद सभागृह लागते, कारण खेळाडू सारखा जमिनीवर पडणार. खडबडीत काँक्रीटवर कोपर-गुडघे एका दिवसात सोलून निघतील.

पण सभागृह ही लहान अडचण झाली. जिल्हा क्रीडा संकुलांत बॅडमिंटनची बंद मैदाने आहेत. मोठी अडचण माणसे जमवण्याची. सांगली जिल्ह्याने पॅरा खेळात आजही नाव ठेवले आहे: आटपाडी तालुक्यातल्या करगणीच्या सचिन खिलारी यांनी पॅरिसमध्ये १६.३२ मीटर गोळा फेकून एफ-४६ गटात, म्हणजे हाताचे अपंगत्व असलेल्यांच्या गटात, रौप्य घेतले. गोळाफेक काय, पोहणे काय, एक जिद्दी खेळाडू आणि एक चांगला प्रशिक्षक यांच्या बळावर जागतिक दर्जापर्यंत जाता येते. गोलबॉलला सराव करायचा तर दोन्ही बाजू मिळून किमान सहा जण हवेत, रोज, एकाच वेळी, एकाच ठिकाणी. जतचा एक, खटावचा एक, शिराळ्याचा एक, असे विखुरलेले सहा जण यादीत संघ होतात, सभागृहात होत नाहीत. त्यात कोणाला एकट्याने एसटी बदलून यायचे, हा प्रश्न वेगळाच.

निवासी अंधशाळा हेच आपल्याकडचे ते छत होते. आता समावेशक शिक्षणाच्या धोरणाने दृष्टिबाधित मुले गावातल्या शाळेत, भावंडांबरोबर शिकतात. ते चांगलेच आहे, कोणाला घरापासून तोडून वसतिगृहात घालावे असे मी म्हणणार नाही. पण त्या वर्गात तो मुलगा बहुतेक वेळा एकटाच दृष्टिबाधित असतो आणि खेळाच्या तासाला त्याला झाडाखाली बसवतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात खेळांसाठी स्वतंत्र कलम आहे. महाराष्ट्राने २०२२ च्या डिसेंबरमध्ये दिव्यांग कल्याणाचा वेगळा विभागही केला. कलम आणि विभाग दोन्ही आहेत. आठवड्यातून दोनदा या मुलांना एका ठिकाणी आणणारी गाडी हवी आहे.

एक पळवाट या खेळातच आहे. पट्टी बांधल्यावर सगळे सारखे, म्हणून काही देशांत स्थानिक सामन्यांत डोळस खेळाडूही पट्टी बांधून उतरतात. सहा दृष्टिबाधित जमेनात तर दोघे-तिघे आणि त्यांचे वर्गमित्र मिळून सराव होऊ शकतो. खरा चेंडू हाती येईपर्यंत साधा बास्केटबॉल करकरणाऱ्या प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळला तरी आवाज येतो. व्हॉलीबॉलची जाळी काढायची, रेषांवर सुतळी टाकून वरून चिकटपट्टी मारायची, आणि खिडक्या लावून घ्यायच्या. सांगलीत असाल तर गणपतीचे दहा दिवस टाळून.